आरोग्य महासंचालक व्हायचं तर शिडी कोणती?

'वाचक विचारतात' या सदरासाठी या महिन्यात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला: सार्वजनिक आरोग्याच्या नोकरीत देशपातळीपर्यंत पोचायचं कसं? प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरं आरोग्यसेवेतल्या आणि वैद्यकीय शिक्षणातल्या जाणकारांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: मुलगी साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिल्लीत आरोग्य सेवा महासंचालक व्हायचं म्हणते. ओळखीचे सांगतात, आधी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मेडिकल ऑफिसर हो, मग बढत्या घेत घेत पोचशील. हे खरं का? (एक पालक, कोरेगाव)

उत्तर: अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं वेळीच कळलं नाही तर दहा-बारा वर्षं भलत्याच शिडीवर जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पीएचसीचा वैद्यकीय अधिकारी गट-अ हा राज्य सरकारचा नोकर. त्याची शिडी अशी: तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, मग परिमंडळाचे उपसंचालक, पुढे सहसंचालक, अतिरिक्त संचालक आणि शेवटी राज्याचे आरोग्य संचालक. राज्यात अशी आठ परिमंडळं आहेत. सातारा पुणे परिमंडळात येतो, सांगली कोल्हापूर परिमंडळात. बदल्या, चौकश्या, साथीच्या बैठका हे सगळं याच रचनेतून चालतं. पण ही शिडी राज्यातच संपते. संचालकांच्या वरचं आयुक्तपद आयएएस अधिकाऱ्याकडे असतं, आणि राज्याचे संचालक बढतीने दिल्लीचे महासंचालक होत नाहीत.

दिल्लीचं महासंचालकपद केंद्रीय आरोग्य सेवेच्या शिडीवर आहे. ही सेवा वेगळी, तिची भरती यूपीएससी करते. तिच्यात चार उपसंवर्ग आहेत: सामान्य कर्तव्य, अध्यापन, अध्यापनेतर विशेषज्ञ आणि सार्वजनिक आरोग्य. तुमच्या मुलीसमोर त्यातली दोन दारं आहेत.

पहिलं दार एमबीबीएसनंतर लगेच उघडतं. त्यासाठी यूपीएससीची कम्बाइन्ड मेडिकल सर्व्हिसेस परीक्षा, म्हणजे सीएमएस. ती पास होऊन सामान्य कर्तव्य उपसंवर्गात वैद्यकीय अधिकारी होता येतं. मूळ वेतन लेव्हल १०, म्हणजे ५६,१०० रुपयांपासून, वर २० टक्के व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खासगी दवाखाना न चालवण्याबद्दलचा. पुढच्या श्रेणी डीएसीपी या योजनेखाली मिळतात. जागा रिकामी असो वा नसो, कामाचे शेरे चांगले असले की ४ वर्षांनी वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी, त्यापुढे ५ वर्षांनी मुख्य वैद्यकीय अधिकारी, आणखी ४ वर्षांनी त्यातली निवड श्रेणी आणि आणखी ७ वर्षांनी वरिष्ठ प्रशासकीय श्रेणी. एकूण २० वर्षं.

दुसरं दार एमडीनंतरचं. रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात, म्हणजे पीएसएममध्ये एमडी करायचं. ही शाखा आता कम्युनिटी मेडिसिन म्हणूनही ओळखली जाते. त्यानंतर जाहिरातीत मागितलेला अनुभव घेऊन यूपीएससीच्या थेट भरतीने सार्वजनिक आरोग्य उपसंवर्गात विशेषज्ञ म्हणून शिरायचं. इथे श्रेणी वाढण्याचे टप्पे २, ४ आणि ७ वर्षांचे, एकूण १३.

वयाचं गणित मांडून पाहा. इंटर्नशिपसह एमबीबीएस २४व्या वर्षी, शासकीय महाविद्यालयाच्या बंधपत्राचं, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष धरून २५. सीएमएसने २६व्या वर्षी लागली तर वरिष्ठ प्रशासकीय श्रेणी ४६व्या वर्षी. एमडीची ३ वर्षं आणि अनुभवाची ३-४ वर्षं धरून विशेषज्ञ म्हणून ३२व्या वर्षी लागली तर तीच श्रेणी ४५व्या वर्षी. दोन्ही वाटा जवळजवळ एकाच वयात एकाच पायरीवर येतात. त्या पायरीच्या पुढे मात्र वर्षं मोजून काही मिळत नाही. अतिरिक्त महासंचालक आणि महासंचालक ही पदं मोजकी, ती जागा रिकामी झाल्यावर ज्येष्ठता आणि निवडीने मिळतात. शिवाय केंद्रीय आरोग्य सेवेत निवृत्ती ६५व्या वर्षी असली तरी प्रशासकीय पद ६२ पर्यंतच ठेवता येतं. म्हणून सेवेत दोन-तीन वर्षं आधी शिरलेल्या माणसाला शेवटी त्याचा फार मोठा फायदा होतो.

आमचं मत विचाराल तर साथरोगांत खरोखर रस असेल तर दुसरं दार. पहिल्या दाराने शिरलेल्या कितीतरी डॉक्टरांची वर्षं सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यांत बाह्यरुग्ण तपासण्यात जातात. ते काम गरजेचं आहे, पण त्यातून साथ कशी आटोक्यात आणायची ते शिकायला मिळत नाही. बंधपत्राचं वर्ष मात्र तिने शक्य तर पीएचसीतच करावं. ओळखीच्यांच्या सल्ल्यातला खरा भाग तेवढाच, आणि तो फार मोलाचा आहे.

प्रश्न: अंतिम वर्षाला आहे. सीएमएसला बसायचंय. अभ्यास कुठून सुरू करू आणि मुलं कुठे मागे पडतात? (विद्यार्थी, मिरज)

उत्तर: अंतिम वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, फक्त नेमणुकीआधी इंटर्नशिप पूर्ण हवी. वयोमर्यादा त्या वर्षीच्या १ ऑगस्टला ३२, केंद्रीय आरोग्य सेवेसाठी ३५, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. दोन पेपर, प्रत्येकी २५० गुण, १२० प्रश्न, दोन तास. पहिल्यात ९६ प्रश्न मेडिसिनचे आणि २४ बालरोगाचे. दुसऱ्यात सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि पीएसएम, प्रत्येकी ४०. नंतर १०० गुणांची मुलाखत.

म्हणजे २४० पैकी ४० प्रश्न पीएसएमचे, सहावा हिस्सा. आणि मुलं हाच विषय शेवटच्या पंधरवड्यासाठी ठेवतात. खरं तर तयारीला सगळ्यात चांगला प्रतिसाद देणारा विषय हाच. लसीकरणाचं वेळापत्रक, चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता, जन्म-मृत्यूचे दर, राष्ट्रीय कार्यक्रमांच्या व्याख्या, पाणी-क्लोरीनची गणितं यांची उत्तरं ठाम असतात, दोन पर्यायांत घुटमळावं लागत नाही. संवेदनशीलतेचं गणित चार चौकटींचा तक्ता काढूनच सोडवा. तोंडी करायला गेलं की छेद चुकतो.

चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. बरोबर उत्तराला साधारण २.०८ मिळतात, चुकल्याला ०.६९ जातात. चारपैकी दोन पर्याय नक्की बाद करता आले तर उत्तर देणं हिशेबाने फायद्याचं. एकही बाद होत नसेल तर सोडून द्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक परीक्षेबाहेरची असते, ती पसंतीक्रमाची. रेल्वे, केंद्रीय आरोग्य सेवा, दिल्लीच्या नगरसंस्था यांतून क्रम द्यायचा असतो. घरी कुणीतरी रेल्वेचं घर आणि पास यांचं कौतुक करतं आणि मुलगा रेल्वे वर टाकतो. रेल्वेची नोकरी चांगलीच आहे, पण तिची शिडी रेल्वेच्या आत राहते. महासंचालनालय मनात असेल तर केंद्रीय आरोग्य सेवा पहिली.

मुलाखतीसाठी आपला जिल्हा नीट वाचून जा. कृष्णेचे २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर, जत-आटपाडीची टंचाई, मिरजेत १८९० च्या दशकापासून चालत आलेली मिशनची वैद्यकसेवा. सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य खात्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, पीएचसी जिल्हा परिषदेकडे आणि शहराचं आरोग्य १९९८ साली झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे. ही विभागणी धड सांगता आली तर सरकारी आरोग्यसेवा कशी चालते हे तुम्हाला समजलंय, असं समोरच्याला दिसतं.

प्रश्न: पाटण तालुक्यात पीएचसीला आहे. एमडीची तयारी चालू आहे. इथल्या कामाचा पुढे उपयोग होतो का, की ही वर्षं वाया? (वैद्यकीय अधिकारी)

उत्तर: वाया बिलकूल नाहीत, फक्त त्यांची नोंद ठेवली पाहिजे. मोठ्या पदावरचा आरोग्य अधिकारी जे करतो त्याचा गाभा एका गावाच्या गॅस्ट्रोत असतो. ते कसं, ते एका कल्पित उदाहरणातून पाहू.

समजा ४८० वस्तीच्या वाडीत चार दिवसांत ३६ जणांना जुलाब-उलट्या. पथक येतं आणि पहिल्या तासात दोन चुका करतं. एक, सगळ्यांना अँटिबायोटिक देऊन मग शौचाचा नमुना घेतं. दोन, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मग पाण्याचा नमुना घेतं. आठवड्याने दोन्ही अहवाल येतात: जंतू आढळले नाहीत, पाणी पिण्यास योग्य. साथ कशाची होती ते कायमचं गुलदस्त्यात.

क्रम उलटा हवा. नव्याने आजारी पडलेल्या, औषध न घेतलेल्या पाच-दहा जणांचे नमुने आधी. पटकीचा (कॉलऱ्याचा) संशय असेल तर कॅरी-ब्लेअर या जंतू जिवंत ठेवणाऱ्या माध्यमात, आणि ते नेहमीच्या तापमानालाच पाठवायचे. बर्फात घालायचे नाहीत, थंडीने पटकीचा जंतू टिकत नाही. याच्या उलट पोलिओच्या संशयाचा नमुना थंडीतच जातो. ही गल्लत वर्षानुवर्षं होते, कारण 'नमुना म्हणजे बर्फ' हे डोक्यात बसलेलं असतं. पाण्याचा नमुना निर्जंतुक बाटलीत, क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतो आणि अहवाल स्वच्छ येतो. ही बाटली मात्र थंड ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची.

मग लाइन लिस्ट. नाव, वय, घर, कोणत्या तारखेला कितव्या तासाला पहिला जुलाब, पाणी कुठलं, गेल्या पाच दिवसांत लग्न-जत्रेचं जेवण. आशाताईंना गावातली घरं पाठ असतात, पण वेळ विचारायची सवय नसते. 'परवापासून' असं लिहिलं की आलेख काढता येत नाही. तारीख आणि सकाळ-दुपार-रात्र एवढं तरी हवंच.

आता मोजणी. नळाचं पाणी पिणारे ३२०, त्यांतले ३४ आजारी, म्हणजे १०.६ टक्के. वरच्या आळीत हातपंपाचं पाणी पिणारे १६०, त्यांतले २ आजारी, १.२५ टक्के. नळवाल्यांना धोका साडेआठ पट. हा एक आकडा हातात असला की सरपंचांशी वाद घालावा लागत नाही. मग नळाच्या वाटेने चालत जायचं. बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं सापडतं. पाणी सोडलं की नळी भरलेली असते, बंद केलं की आत ओढ निर्माण होते आणि खड्ड्यातली घाण सांध्यातून आत शिरते. म्हणून अशा गावात पहिल्या दहा मिनिटांचं पाणी सगळ्यात वाईट असतं. आणि बायका नेमकं तेच भरतात.

टीसीएलचं प्रमाण १,००० लिटरला २.५ ग्रॅम, पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तर. ५०,००० लिटरच्या टाकीला १२५ ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये, म्हणून दोन बादल्या. आधी लगदा करायचा, मग पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं निवळू द्यायचं आणि वरचं पाणी टाकीत ओतायचं. खालचा चुना टाकीत जाऊ द्यायचा नाही. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, आणि ती शेवटच्या नळाला, टाकीजवळ नव्हे. तिथे लिटरला ०.५ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन दिसला पाहिजे. पिवळा रंग आला नाही तर तीन कारणं बघा: पावडर उघड्या गोणीत पडून तिचा जोर गेलाय, पाणी गढूळ आहे आणि क्लोरीन गाळच खातोय, किंवा मधे गळती आहे. गोणी ओल्या खोलीत, तोंड उघडं, ही ग्रामपंचायतीतली नेहमीची परिस्थिती. पावडरीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला की क्लोरीन किती उरलाय ते आकड्यात कळतं. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवा, पुढच्या वेळी गोणी बंद डब्यात दिसेल.

या सगळ्याचा दोन पानी अहवाल तुमच्या हातचा हवा. व्याख्या काय ठरवली, किती जणांना लागण, आलेख, नकाशा, कारण, उपाय, उपायानंतर रुग्ण कधी थांबले. रुग्णांची नावं काढून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. तीन वर्षांत असे पाच अहवाल झाले तर एमडीच्या प्रबंधापासून यूपीएससीच्या मुलाखतीपर्यंत तुमच्याकडे बोलायला ठोस काहीतरी असतं. आजारांची ऑनलाइन नोंदही टाळू नका. उपकेंद्रातून लक्षणांची, तुमच्याकडून संशयित निदानाची आणि प्रयोगशाळेतून खात्रीच्या निदानाची, असे तिचे तीन पदर आहेत. तुमचा पदर रिकामा गेला की वरच्यांना गाव निरोगी दिसतं.

एमडीसाठी सेवेतल्या डॉक्टरांना राखीव जागा ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. टक्केवारी आणि दुर्गम सेवेच्या अटी राज्य ठरवतं. कोयनेकाठची तुमची वर्षं त्या अटींत बसतात का, हे नेमणुकीच्या आदेशावरचा केंद्राचा प्रकार पाहून आत्ताच तपासा. प्रवेशाच्या आठवड्यात दाखला मिळवताना तारांबळ उडते.

प्रश्न: बीएएमएस आहे, जतला समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. मला यातलं काही शक्य आहे का? (एक वाचक)

उत्तर: केंद्रीय आरोग्य सेवेची वर सांगितलेली दोन्ही दारं एमबीबीएसवाल्यांसाठी आहेत. हे आधीच सांगणं बरं, कारण काही क्लासवाले यावर गुळमुळीत बोलतात. तुमच्यासाठी वाटा दुसऱ्या आहेत. दोन वर्षांची एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) ही पदवी आयुर्वेदाच्या, दंतवैद्यकाच्या, नर्सिंगच्या पदवीधरांनाही बऱ्याच संस्थांत करता येते. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही त्यांतली जुनी. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, साथरोग सर्वेक्षण, गुणवत्ता समन्वय अशी पदं असतात. काम खरं आणि जबाबदारीचं, पण करार अकरा महिन्यांचा, पुनःपुन्हा वाढणारा. घराचं कर्ज घेण्याआधी याचा विचार करा. कायम नोकरी हवी असेल तर राज्यातलं वैद्यकीय अधिकारी गट-ब आणि आयुष मंत्रालयासाठी यूपीएससी घेत असलेली आयुर्वेद वैद्यकीय अधिकाऱ्यांची भरती, दोन्हींवर लक्ष ठेवा.

आणि आत्ताच्या जागेला कमी लेखू नका. उपकेंद्राच्या ५,००० वस्तीतले रक्तदाब-मधुमेहाचे किती रुग्ण तपासले, किती औषधावर टिकले, किती सुटले याचा महिन्यागणिक तक्ता तुम्ही दोन वर्षं ठेवलात, तर एमपीएचच्या मुलाखतीला तो तुमचं सगळ्यात भक्कम प्रमाणपत्र ठरेल. 'टिकले' हा रकाना महत्त्वाचा. तपासणीचे आकडे सगळेच दाखवतात.

प्रश्न: मार्च २०२० मध्ये आमच्या गावात कोरोना आला तेव्हा टीव्हीवर दिल्लीचे वेगवेगळे अधिकारी दिसायचे. त्यांत कोण काय करतं? (शिक्षक, इस्लामपूर)

उत्तर: राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी साथ रोखणं समवर्ती सूचीत येतं, आणि बंदरावरचं विलगीकरण केंद्राकडे. म्हणून विमानतळावर तपासणारा डॉक्टर केंद्राचा, इस्लामपुरात घरोघर फिरणारं पथक जिल्ह्याचं. इस्लामपूरचा समूह परदेशाहून आलेल्या एका कुटुंबापासून सुरू होऊन दोन डझनांच्या घरात गेला आणि तिथे अडला. अडला तो संपर्कातल्या माणसांची यादी करून, त्यांना घरातून वेगळं काढून आणि परिसर बंद करून. हे काम दिल्लीतून होत नाही.

दिल्लीत सचिव हे आयएएस, निधी आणि आदेश त्यांचे. महासंचालक हे तांत्रिक सल्लागार: कोणाची चाचणी करायची, रुग्णाला घरी कधी सोडायचं, केंद्रीय पथक कुठे पाठवायचं. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र हे त्यांचं साथींवरचं मुख्य हत्यार. त्याचं मूळ १९०९ साली कसौलीत सुरू झालेल्या मलेरियाच्या केंद्रात आहे, आजचं नाव २००९ पासून. तिसरी संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, आयसीएमआर. तिचे महासंचालक वेगळे, ते आरोग्य संशोधन विभागाचे सचिवही असतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तिचीच, स्थापना १९५२.

तेव्हा रोज पत्रकारांसमोर दिसणारे डॉ. रमण गंगाखेडकर हे आयसीएमआरचे साथरोग विभागप्रमुख. त्यांची त्याआधीची कितीतरी वर्षं पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत गेली होती. डॉ. सौम्या स्वामिनाथन यांचा प्रवासही असाच: बालरोगतज्ज्ञ, चेन्नईत क्षयरोगावर संशोधन, २०१५ ला आयसीएमआरच्या महासंचालक, २०१७ ला जागतिक आरोग्य संघटनेत आणि २०१९ ते २०२२ तिथल्या पहिल्या मुख्य वैज्ञानिक. दोघेही एका आजाराला चिकटून राहिलेले. विद्यार्थ्यांना ही वाट सांगायला विसरू नका. प्रशासन नको पण देशाच्या निर्णयात वाटा हवा, अशा मुलांसाठी ती आहे.

प्रश्न: कराडला पीएसएममध्ये एमडी करतोय. पुढे परदेशी एमपीएच करू की इथेच काही? (निवासी डॉक्टर)

उत्तर: एमडीनंतर फक्त पदवीसाठी एमपीएच करू नका, निम्मा अभ्यासक्रम तुमचा झालेला असतो. संख्याशास्त्र किंवा आरोग्य अर्थशास्त्र असं काही नेमकं शिकायचं असेल आणि शिष्यवृत्ती असेल तरच. त्याआधी एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस पाहा. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात २०१२ पासून चालणारं हे दोन वर्षांचं प्रशिक्षण प्रत्यक्ष साथींवर होतं. वर्गातला वेळ थोडा, बाकी सगळं क्षेत्रात. साथीचा तपास, सर्वेक्षण यंत्रणेचं मूल्यमापन, माहितीचं विश्लेषण, हे तुमच्या हातून करून घेतलं जातं. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचे अभ्यासक्रमही याच जातीचे.

दुसरी शाळा म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ सर्वेक्षणातलं सर्वेक्षण वैद्यकीय अधिकाऱ्याचं काम, १९९७ पासून चालत आलेलं. पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की शोधायचं, लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि थंडीतून पोचवायचे. देशात शेवटचा नैसर्गिक पोलिओ १३ जानेवारी २०११ ला सापडला, तरी हे काम अजून चालू आहे. खासगी बालरोगतज्ज्ञाला फोन करून 'डॉक्टर, या आठवड्यात असं कुणी आलं का?' हे न कंटाळता दर आठवड्याला विचारणं यात जे शिकायला मिळतं ते पुस्तकात नाही. ही नेमणूक मात्र कराराची असते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. पीएसएमच्या जागा कमी गुणांवरही मिळतात, म्हणून ही शाखा उरलेल्यांची, असं वसतिगृहात बोललं जातं. ते मनावर घेऊ नका. पालखी लोणंद-तरडगाव-फलटण-बरडच्या वाटेने जाते तेव्हा लाखो लोकांच्या पाण्याचा प्रत्येक टँकर, विहीर आणि हॉटेल तपासून ठेवणारी माणसं याच शाखेचं काम करत असतात. त्यांनी काम नीट केलं की बातमी होत नाही, एवढंच.

प्रश्न: मुलगा बारावीला आहे. सार्वजनिक आरोग्यात जायचं तर एमबीबीएसच हवं का? (आई, फलटण)

उत्तर: महासंचालनालयासाठी हवंच. संशोधन, लोकसंख्याशास्त्र, माहिती विश्लेषण यांसाठी नाही. गणित आवडत असेल तर संख्याशास्त्राची पदवी आणि पुढे मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, ही उत्तम वाट आहे. नीटचा निकाल लागेपर्यंत दोन्ही अर्ज भरून ठेवा.

प्रश्न: राज्याच्या सेवेत आहे. यूपीएससीचा अर्ज खात्याला कळवून करू की निवड झाल्यावर सांगू? (वैद्यकीय अधिकारी, विटा)

उत्तर: आधी कळवा. अर्जातच कार्यालयप्रमुखांना लेखी कळवल्याचं जाहीर करावं लागतं, आणि खात्याने परवानगी नाकारल्याचं आयोगाला कळवलं तर उमेदवारी रद्द होऊ शकते. पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. थेट भरतीसाठी ना हरकत प्रमाणपत्र मुलाखतीच्या वेळी मागतात, ते मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज भरला त्याच आठवड्यात मागणी नोंदवा. बंधपत्राची सेवा बाकी असेल तर तिचा हिशेब आधी मिटवा. रीतसर परवानगीने गेलात तर तांत्रिक राजीनामा देता येतो आणि आधीच्या सेवेचे लाभ मागता येतात. अनुभवाच्या दाखल्यावर 'वैद्यकीय अधिकारी' एवढंच लिहून घेऊ नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं केंद्र, किती लोकसंख्या आणि साथरोग-लसीकरणाची कोणती कामं, हे सगळं एकाच कागदावर, सहीच्या खाली नाव, हुद्दा आणि तारखेसह.